कोरा रकाना

"ये हमारे यहाँ टाइपिंग देखती हैं," डॉक्टर इंद्रजित सबनीस म्हणाले. हज़रतगंजचा बरामदा, जानेवारीतल्या रविवारची संध्याकाळ, त्यांच्याबरोबर दिल्लीचे कुणी पाहुणे नवरा-बायको, दोघांच्या अंगावर भारी शाली. पाहुण्यांना एवढं सांगून झाल्यावर त्याच दमात सबनीस माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "काय शर्मिष्ठाबाई, यंदा तिळगूळ देणार की नाही आम्हाला?" मी हसले. का हसले ते देव जाणे. सुजय, माझा नवरा, बँकेतला माणूस, काउंटरपलीकडे कुणीही आलं तरी हसायची त्याला सवय, तोही हसला. पाहुणीबाई 'अच्छा, अच्छा' म्हणाल्या आणि त्यांची नजर माझ्यावरून उठून शेजारच्या दुकानातल्या चिकनच्या भरतकामाच्या कुर्त्यांवर जाऊन बसली. मग ते तिघं पुढं गेले. आम्ही गरम शेंगा खात तिथंच उभे राहिलो. देविका, आमची दहा वर्षांची मुलगी, मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीतच देते, तिनं माझ्या स्वेटरची बाही ओढली. "मम्मी, आप टाइपिस्ट हो? आपने तो बोला था आप कंप्यूटर का प्रोग्राम बनाती हो." सुजय म्हणाला, "अगं, असं म्हणायची पद्धत असते. चल, कुल्फी खाऊ या." जानेवारीत कुल्फी. काही सुचेनासं झालं की हा माणूस खायचं बोलतो.

रिक्षानं घरी निघालो. टाइपिस्ट असण्यात वाईट काय आहे, असं मी स्वतःला समजावत होते, आणि खरंच वाईट काही नाही. माझी मावशी मिरजेच्या कोर्टात टाइपिस्ट होती आणि ताठ मानेनं जगली. पण मी टाइपिस्ट नव्हते. मी टाइपिस्ट नव्हते, हे सबनीसांना त्या बरामद्यातल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला बोलावून घेतलं होतं. मराठी समाजाच्या गणपतीत भेट झाली, मी एमसीए केलंय आणि घरी बसलेय हे कळलं, आणि ते म्हणाले, "अहो, परक्या मुलखात आपल्या माणसानं आपल्या माणसाला नाही म्हणू नये." तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. आमची संस्था सरकारी. माणसांच्या पोटात जायची औषधं आधी उंदरांच्या पोटात जातात आणि त्या उंदरांचं रोज काय होतं ते लिहून ठेवावं लागतं, वजन, खाणं, डोळे, केस, चाल. ते सगळं तोवर कागदावर होतं आणि कागद कुठल्या कुठं जात. मला ते कॉम्प्युटरवर आणायचं होतं, म्हणजे ज्याला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही त्या माणसालाही समोरचा पडदा पाहून पुढं काय करायचं ते कळलं पाहिजे. पगार प्रोजेक्टमधून, नेमणूक वर्षाची, दर मार्चला सबनीसांची सही झाली की पुढचं वर्ष. "पोस्ट निघाली की तुमचंच नाव," हेही ते मराठीतच म्हणत. मला पुष्कळ उशिरा कळलं की या माणसाला काम हवं असलं की तो मराठीत बोलतो, नाही म्हणायचं असलं की इंग्रजीत, आणि माणूस खाली बसवायचा असला की हिंदीत.

उंदीर चिनहटला होते, फैजाबाद रोडवर, कारखान्यांच्या मागं, आणि सबनीसांची खोली शहरात. पहिले कित्येक महिने मी संस्थेच्या व्हॅननं चिनहटला जात होते. पत्र्याखालचं ते लांब घर, लाकडाच्या भुश्याचा आणि उंदरांच्या मुताचा वास. तो वास आधी नाकात गेला, मग केसांत, मग घरच्या उशीत, आणि सुजय उशी उलटी करून झोपायला लागला. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरांना ओळखायला पिवळ्या रंगाच्या खुणा केलेल्या असत, एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर. मी स्टुलावर बसून नुसतं बघत असे की बघणारा माणूस आधी काय बघतो. तो आधी उंदराला उचलतो, तेव्हा हाताला कळतं की अंग ढिलं आहे की ताठ. मग डोळे. मग वजनाचा काटा. म्हणून माझ्या पडद्यावरही तोच क्रम. नुसत्या रेघांची अक्षरं जोडून मी पडद्यावर उंदराची आकृती काढली होती, जिथं खूण तिथं चांदणी चमकायची, म्हणजे डोक्यावरच्याचं पाठीवरच्याच्या नावावर जायला नको. सबनीस म्हणाले, "हे कार्टून कशाला?" आणि सहा महिन्यांनी हैदराबादच्या परिषदेत तेच कार्टून मोठ्या पडद्यावर दाखवून त्यांनी टाळ्या घेतल्या. निबंधावर एकच नाव होतं. शेवटी आभारांत ड्रायव्हरसुद्धा होता, मी नव्हते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण पीठ दळणारीला जात्यापाशी उभंही न करणारा हा पहिलाच.

पण याचा मला तेवढा राग नव्हता, किंवा होता आणि मी तो बाजूला ठेवला होता. राग आला तो कोऱ्या रकान्यावरून. मी प्रत्येक रकाना कोरा ठेवला होता. डोळे कसे आहेत? कोरं. केस? कोरं. काहीतरी लिहिल्याशिवाय खालचा रकाना उघडत नाही, आणि तिथं कर्सरचं ते चौकोनी टिंब उघडझाप करत वाट बघत राहतं. सबनीसांनी पाहिलं आणि हसले. "बाई, शंभरातले नव्वद उंदीर ठणठणीत असतात. आधीच नॉर्मल लिहून ठेवा ना. वेगळं असेल तिथं माणूस बदलेल." मी म्हटलं, "सर, माणूस बदलत नाही. एंटर दाबतो." "तुम्ही माणसांवर फार अविश्वास दाखवता बुवा." शेवटी मी प्रत्येक रकान्यात नॉर्मल लिहून ठेवलं. मग त्यांनी आणखी एक केलं. चिनहटला मशीन धुळीनं बिघडेल म्हणून ते शहरात, स्वतःच्या खोलीशेजारी, एसी लावलेल्या खोलीत आणवलं, जिथं बाहेर चपला काढून जावं लागतं. उंदीर तिकडं, मशीन इकडं. चिनहटहून फोन यायचा, लागला तर, "सब ठीक है साहब," आणि शनिवारी सबनीस मोजे घालून त्या गार खोलीत बसायचे आणि अख्ख्या आठवड्याचे उंदीर भरून टाकायचे. एंटर, एंटर, एंटर, आणि शेवटी हो म्हणायला वाय. मागच्या वजनात थोडं वाढवून नवं वजन. नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. एकदा मी प्रिंटर घेऊन चिनहटला गेले होते तेव्हा पाठीवर पिवळी खूण असलेला एक मेलेला उंदीर वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर नेताना पाहिला. बुधवार होता. शनिवारी पडद्यावर तो उंदीर नॉर्मल होता आणि त्याचं वजनही वाढलं होतं. मी सबनीसांना सांगितलं. आधी ते इंग्रजीत म्हणाले की एका नमुन्यानं काही फरक पडत नाही. मी तिथंच उभी राहिले तेव्हा मराठीत म्हणाले, "आपल्यातल्या आपल्यात राहू दे हं." म्हणजे मी त्यांच्यातली झाले होते, मेलेला उंदीर लपवण्यापुरती. औषध यकृताचं होतं, उद्या कुणीतरी डॉक्टर ते कुणाच्या तरी बापाला लिहून देणार होता.

त्या रविवारी रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी विसळताना मला आई आठवली. आमच्या आईला लोक सोशिक म्हणायचे. लोकांना काय कळतंय. माझी आत्या एकदा चारचौघांत म्हणाली होती, "वहिनीची पुरणपोळी म्हणजे गाडीचं चाक." आई काही बोलली नाही. त्यानंतर आत्या जेव्हा जेव्हा मिरजेला आली तेव्हा तेव्हा आईनं तिला पुरणपोळीच वाढली. आग्रह करकरून, तुपाची धार धरून, "घ्या हो वन्सं, तुम्हाला आवडते ना," असं हसत हसत. नाही म्हणायची सोयच नव्हती, सगळं गोत बघत असायचं. शेवटी शेवटी आत्या आमच्या दारात रिक्षातून उतरतानाच पोटावर हात ठेवायची. मी आईला विचारलं होतं, असं का करतेस? तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "मी काय केलं? ज्याला जे आवडतं ते वाढलं." भांडी विसळताना मला एकदम हसू आलं आणि सुजयनं बाहेरून विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, साबण संपलाय.

मला काय हवं होतं, ते मी त्या मोरीपाशी उभी असताना स्वतःला स्पष्ट सांगून टाकलं. पगार नको, पोस्ट नको, माफी तर नकोच नको. माफी हा माणूस तीन भाषांत मागेल आणि एकीतही खरी मागणार नाही. मला एवढंच हवं होतं, की एकदा चार लोकांसमोर त्याच्या तोंडून निघावं, हे हिनं केलंय. आणि ते निघताना त्याच्या घशाला कोरड पडावी. सबनीसांना काय आवडतं? न वाचता एंटर दाबायला आवडतं. मग वाढावं तेच.

आमच्या पडद्यांवर सगळं दोनदा लिहिलेलं असे. वर इंग्रजी, खाली हिंदी. सरकारी नियमच तो, आणि त्यासाठी मशीनमध्ये हिंदी अक्षरांचं वेगळं कार्ड बसवलं होतं. खालची ओळ कुणीही वाचत नसे. सबनीस तिला 'खालची नक्षी' म्हणत. ती वाचणारा अख्ख्या संस्थेत एकच माणूस होता, दीनानाथ त्रिपाठी, आमचे हिंदी अधिकारी, वर्षभरात निवृत्त व्हायचे. बंद गळ्याचा कोट, हातात कायम पेन्सिल. माझ्या प्रत्येक वाक्याचं त्यांनी हिंदी करून दिलं होतं, आणि एकेका शब्दासाठी दोन दोन दिवस घेतले होते. "बिटिया, आपकी स्क्रीन पर बैठेगा यह शब्द, तो ज़रा सलीके का होना चाहिए," असं म्हणत. आपकी स्क्रीन. संस्थेत असं म्हणणारे तेच एक. तर, सगळं भरून झालं की तळाशी शेवटचा प्रश्न यायचा. वर इंग्रजीत, रेकॉर्ड सेव्ह करायचं? वाय किंवा एन. खाली त्रिपाठीजींचं, 'क्या यह अभिलेख सहेज लिया जाए?' सोमवारी सकाळी मी चपला बाहेर काढल्या, गार खोलीत गेले, आणि खालची ओळ बदलली. वरची तशीच ठेवली. खाली लिहिलं, 'मैंने ये जानवर अपनी आँखों से नहीं देखे हैं।' आणि पुढं तेच, वाय किंवा एन. पाच मिनिटांचं काम. मग बाहेर येऊन चहा प्यायले. चहा इतका चांगला लागला की मी दुसरा मागवला.

पुढचे शनिवार मी फार सुखात घालवले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझं टेबल त्या गार खोलीच्या भिंतीच्या अलीकडं होतं आणि दार कधीच नीट लागत नसे. एंटरचा आवाज मऊ, वायचा जरा कोरडा, कारण ती कळ सबनीस बोटानं नाही, नखानं दाबत. एंटर, एंटर, एंटर, टक्. मैंने ये जानवर नहीं देखे हैं. हाँ. एंटर, एंटर, एंटर, टक्. हाँ. तोंडी लावायला ते गुणगुणतसुद्धा असायचे. मी अलीकडं बसून डोळे मिटून ऐकत असे, आणि प्रत्येक टक् माझ्या पोटात गरम गरम उतरत असे. कुणाला सांगायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. हा माणूस दर शनिवारी, स्वतःच्या हातानं, कबुली देत होता. एकदा बाहेर येऊन त्यांनी मोजे झटकले आणि म्हणाले, "झकास चालतंय हं तुमचं. अजिबात डोकं लावावं लागत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला आवडतं तसंच केलंय, सर." त्या क्षणी माझा आवाज अगदी आईसारखा आला, आणि मी जरा दचकले.

मग फेब्रुवारीच्या मध्यात नोटीस लागली. दिल्लीहून राजभाषेच्या कामाची पाहणी करायला एका समितीचे काही सदस्य येणार, हिंदीत चालणारा कॉम्प्युटर त्यांना दाखवायचा, दाखवणार डॉक्टर सबनीस. नोटीस मी दोनदा वाचली. खालची ओळ वाचणारी माणसं येत होती. फक्त खालचीच वाचणारी. आता ओळ परत बदलायची की ठेवायची? मार्चमध्ये नेमणूक संपत होती आणि सही सबनीसांची. सुजयला मी घरी सगळं सांगितलं तेव्हा त्यानं हातातली पोळी खाली ठेवली. "वेडी आहेस का तू? काढून टाक ते उद्या. सरळ काढून टाक." "आणि देविकेला काय सांगू? टाइपिस्ट?" "तिला काय कळतंय गं, लहान आहे." देविका शेजारच्या खोलीतून म्हणाली, "मुझे सब समझ में आता है, पापा." सुजयनं मग पोळी उचलली. मी रोज सकाळी दूध तापवताना ठरवत होते की आज काढीन, आणि रोज ऑफिसात चपला काढून आत जाऊन, ती ओळ वाचून, तशीच बाहेर येत होते. ओळ खरी होती, त्यामुळं ती पुसायला हात होईना. पण खरेपणाचं मी उगाच पुढं करत होते, हेही मला कळत होतं. मला त्याचं तोंड बघायचं होतं. त्रिपाठीजींचा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. आला, आणि मी तो कपात राहिलेल्या चहासारखा ओतून दिला. पाहणीच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "बिटिया, सब ठीक है न? मैं एक बार देख लूँ?" आणि मी म्हटलं, "आपने तो देखा ही था, बाबूजी." त्यांनी मान हलवली. कोट नुकताच धुऊन आणलेला होता.

सदस्य तिघं होते. त्यातले मोठे बिहारकडचे, जाड भिंगांचे, आणि त्यांना एक खोड होती. डोळ्यांना दिसेल ती हिंदी पाटी ते मोठ्यानं वाचत. दारावर आले ते वाचतच आले, 'संगणक कक्ष', 'कृपया जूते बाहर उतारें', आणि मग सगळे, आमचे डायरेक्टर साहेबसुद्धा, मोजे घातलेल्या पायांनी गार फरशीवर चुळबुळत मशीनभोवती उभे राहिले. मी मागं भिंतीला टेकून, माझ्या शेजारी त्रिपाठीजी. सबनीस खुर्चीत बसले, बोटं मोडली. "सर, यह पूरा सिस्टम मैंने ख़ुद डिज़ाइन किया है. एक-एक स्क्रीन." मोठ्या सदस्यांनी विचारलं, "और हिंदी?" "हिंदी भी सर. अपनी ही भाषा है." पडद्यावर माझा उंदीर आला, रेघांचा, पाठीवर चांदणी चमकणारा. सदस्य खूश झाले. "वाह, चूहा भी है." एंटर, एंटर, एंटर. सदस्य प्रत्येक खालची ओळ वाचत होते, सबनीस त्यांच्या वाचण्याच्या पुढं धावत होते. टक्. पडदा गेला, पुढचा आला. "रुकिए, रुकिए," सदस्य म्हणाले, "वह अंत में क्या लिखा था?" "कुछ नहीं सर, वही, सेव वाला." आणि पुन्हा दाखवायला म्हणून एंटर, एंटर, एंटर. या वेळी सदस्य खाली वाकले होते. ते एकेक शब्द मोठ्यानं, पाटी वाचावी तसे वाचत गेले, "मैंने ये जानवर... अपनी आँखों से... नहीं देखे हैं." आणि सबनीसांच्या नखानं, सवयीनं, टक् केलं. "और आपने हाँ दबा दिया," सदस्य म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

मी जे तोंड बघायला सहा आठवडे जगले होते ते मला दिसलं नाही, कारण सबनीस पाठमोरे होते. मला दिसली फक्त त्यांची मान, ती आधी पांढरी झाली, मग तांबडी. पण ते पट्टीचे होते. वळेपर्यंत चेहरा जागेवर आलेला होता. "सर, हिंदी की जाँच हमारे हिंदी अधिकारी करते हैं. त्रिपाठी जी, यह क्या है?" डायरेक्टर साहेबांनी त्रिपाठीजींकडं पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि तो म्हातारा माणूस माझ्या शेजारून एक पाऊल पुढं झाला, कोटाची वरची गुंडी चाचपली, आणि म्हणाला, "क्षमा चाहता हूँ, सर. मुझसे चूक हो गई होगी." चूक. ज्यानं एका शब्दासाठी दोन दिवस घालवले त्याच्या तोंडी. त्या क्षणी माझा सगळा सूड माझ्या हातून निसटून भलत्याच माणसाच्या अंगावर सांडला होता, आणि सबनीस त्यातून कोरडे ठणठणीत बाहेर पडत होते. मला असा संताप आला की डोळ्यांपुढं पडद्यावरची अक्षरं तरंगायला लागली. अरे, हासुद्धा माझा घास तू दुसऱ्याच्या ताटात वाढतोस?

"बाबूजी से कोई चूक नहीं हुई," मी म्हणाले. माझा आवाज त्या खोलीत कुणी कधी ऐकलाच नव्हता, म्हणून आधी सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. "उनकी हिंदी दूसरी थी. यह मैंने लिखी है. स्क्रीन भी मैंने बनाई है. और जो लिखा है, वह सच है. जानवर चिनहट में हैं." सबनीस खुर्चीतून अर्धवट उठले आणि माझ्याजवळ येऊन, ओठ न हलवता, मराठीत म्हणाले, "शर्मिष्ठाताई, काय करताय हे? चार परक्या माणसांसमोर? आपल्यातल्या आपल्यात मिटवू या." ताई. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी हिंदीत म्हटलं, "सर, हिंदी में बोलिए. इन्हें भी समझ में आना चाहिए." डायरेक्टर साहेबांचा आवाज एकदम खाली गेला. "सबनीस साहब. आपने अभी कहा, आपने बनाया है. यह कहती हैं, इन्होंने. किसने बनाया?" मला त्यांच्या डोळ्यांमागं हिशेब फिरताना दिसत होता. आपण केलंय म्हणावं तर ती ओळ आपली. ओळ हिची म्हणावी तर बाकीचंही हिचंच. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "इन्होंने, सर," ते म्हणाले. "सब इन्होंने ही बनाया है. शुरू से. एक-एक स्क्रीन. मुझे तो... मुझे तो इसमें कुछ आता भी नहीं." देविकेला सांगायला हे पुरेसं होतं. मला वाटलं होतं ऐकताना माझ्या अंगावर फुलं पडतील, पण मला फक्त एवढंच जाणवलं की फरशी फार गार आहे आणि मार्चमध्ये आपल्या कागदावर सही होणार नाही.

"तो इसे ठीक कौन करेगा?" डायरेक्टर साहेबांनी विचारलं. सबनीस खुर्चीपासून बाजूला झाले. मी जाऊन बसले. त्यांच्या अंगाची ऊब त्या गादीला होती, ती मला किळसवाणी वाटली, पण मी तसं दाखवलं नाही. प्रोग्राम उघडला. आधी त्रिपाठीजींची ओळ परत लिहिली, अक्षर न् अक्षर, 'क्या यह अभिलेख सहेज लिया जाए?' मागून त्यांचा निश्वास ऐकू आला. मग मी वर गेले, जिथं सबनीसांच्या सांगण्यावरून मी प्रत्येक रकान्यात तो शब्द आधीच लिहून ठेवला होता, आणि तो शब्द पुसला. डोळ्यांचा पुसला, केसांचा पुसला, चालीचा पुसला. मागचं वजन आपोआप पुढं येत होतं, तेही बंद केलं. माझी बोटं इतकी भराभर चालत होती की सदस्य कौतुकानं बघत राहिले. प्रोग्राम पुन्हा सुरू केला. रेघांचा उंदीर आला, पाठीवर चांदणी. शेजारी सगळे रकाने कोरे, आणि पहिल्यात ते चौकोनी टिंब उघडझाप करत होतं. भिंगं पुसून सदस्यांनी विचारलं, "अब इसमें क्या भरा जाएगा?" "जो देखा हो, सर," मी म्हटलं.

मी उठले, खुर्ची फिरवून सबनीसांच्या बाजूला केली, आणि मराठीत म्हणाले, "बसा सर. भरा." सगळे बघत होते, नाही म्हणायची सोयच नव्हती. ते बसले. त्यांचा हात कळांवर गेला आणि सवयीनं त्यांनी एंटर दाबलं. मशीननं पीं केलं, टिंब जागचं हललं नाही. मी दाराबाहेर येऊन चपला घालत होते तेव्हा आतून पुन्हा तोच आवाज आला, आणि जिन्यात पोचेपर्यंत आणखी एकदा.